वाढदिवसाचं कार्ड वाकतं, घडीवर तडकतं, कागद पुरत नाही: काय काय तपासायचं

लक्षणं आधी बघून घ्या.

कार्ड रात्री तयार झालं, सकाळी बघावं तर चारही कोपरे वर उचललेले. घडीवर पांढरी रेघ, आणि दोनदा उघडमिट केली की तिथेच कागदाची सालं निघतात. हत्तींचा नमुना असलेल्या गिफ्ट पेपरातले हत्ती कार्डावर आडवे झोपलेले. चिकटवलेल्या कागदाखाली फुगे. कार्ड पाकिटात शिरेना म्हणून एका कडेने कापलं आणि आता ते तिरकं दिसतं. खणात नक्षीच्या कागदाचे असे तुकडे साठलेत की ज्यांच्या बरोब्बर मधोमध भोक आहे आणि उरलेला भाग कशालाच पुरत नाही.

अमळनेरला सुट्टीत गल्लीतली मुलं माझ्याकडे कार्डं करायला बसतात. एरवीही कुणी ना कुणी बिघडलेलं कार्ड दाखवायला येतंच. "ताई, हाई काबरं वाकडं व्हस?" हा प्रश्न ठरलेला, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तरही ठरलेलं: कागदाची दिशा बघितली नाही. कागद वाया गेला की सगळे कात्रीला दोष देतात. पण कतरणीत जेवढा कागद जातो त्याहून जास्त कागद बिघडून फेकलेल्या कार्डांत जातो. म्हणून खालच्या तपासण्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा. पहिल्या तीनांना एक पैसा लागत नाही.

१. नमुना कुठल्या बाजूने उभा आहे?

कागद हातात उभा धरा, मग आडवा धरा. ठिपके, चौकडी, संगमरवरी रेषा असतील तर काही फरक पडत नाही. फुगे, हत्ती, फुलांचे देठ, अक्षरं असतील तर नमुन्याला डोकं आणि पाय असतात. कागदाच्या मागे पेन्सिलने वरच्या दिशेने एक बाण काढा. मोठ्या कागदावर दोन-तीन ठिकाणी काढा, कारण कापल्यावर प्रत्येक तुकड्याला आपली दिशा माहीत असली पाहिजे.

हे सगळ्यात आधी का, तर उलटा कापलेला तुकडा कुठल्याच उपायाने सुलटा होत नाही. बाकीच्या बिघाडांवर थोडीफार मलमपट्टी चालते.

२. कागदाचा ग्रेन

कागदातल्या तंतूंच्या दिशेला छापखान्यात ग्रेन म्हणतात. कारखान्यात कागद यंत्रावर पुढे सरकत तयार होतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू सरकण्याच्या दिशेला समांतर पडतात. बांबूची चटई एका बाजूने पटकन गुंडाळते आणि दुसऱ्या बाजूने अडते, तसंच कागदाचं. घडी तंतूंना समांतर आली तर ती स्वच्छ बसते. तंतूंना आडवी आली तर तंतू मोडतात, वरचा रंगाचा थर तडकतो आणि ती पांढरी रेघ दिसते.

ओळखायचं कसं? कार्डशीट टेबलावर ठेवा, एक कड उचलून हलकेच वळवा, घडी मात्र घालू नका. तळहाताने दाबून किती विरोध होतो ते बघा. आता कागद फिरवून शेजारची कड तशीच वळवा. ज्या वेळी कमी विरोध होतो, त्या वेळची वळणाची रेघ ग्रेनला समांतर. पातळ गिफ्ट पेपरात हे हाताला नीट कळत नाही. तिथे कोपऱ्याचा दोन बोटं रुंद तुकडा कापा, आधी त्यावर खुणेसाठी एक रेघ मारून ठेवा, आणि एकाच बाजूला पाण्याचं बोट फिरवा. तुकडा लगेच नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, ग्रेन त्या दिशेला. कागद फाडूनही कळतं: ग्रेनच्या दिशेने तो बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो.

आता मुख्य गोष्ट. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक वेळा त्याचा ग्रेन लांब बाजूने असतो. लोक काय करतात, तो मधोमध दुमडतात आणि मोठं कार्ड करतात. म्हणजे घडी आली थेट ग्रेनला आडवी. तडकणारच. त्याऐवजी ए-फोर आधी मधोमध कापा. २१० बाय १४८ चे दोन तुकडे मिळतात आणि ग्रेन आता आखूड बाजूने, म्हणजे १४८ च्या बाजूने. प्रत्येक तुकडा १४८ च्या कडेला समांतर दुमडा. १०५ बाय १४८ ची दोन कार्डं झाली. घडी ग्रेनबरोबर आली आणि कतरण शून्य. हे माप सी-सिक्स पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ च्या पाकिटात, आरामात बसतं. पाकिटात न शिरणाऱ्या कार्डाची तक्रार इथेच मिटते.

मोठं कार्डच हवं असेल तर आखूड ग्रेनचा कागद मागावा लागतो, आणि आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानात तसं मागितलं तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. मोठ्या ड्रॉइंग शीटमधून ग्रेन बघून कापून घेणं सोपं.

३. कापण्याआधी आखणी

कागद पुरत नाही याचं कारण बहुधा इथे सापडतं. माणूस गिफ्ट पेपर उलगडतो, त्यातलं सगळ्यात सुंदर फूल मधोमध असतं, कात्री थेट तिथे जाते. एक कार्ड देखणं होतं आणि उरतो तो चौकटीसारखा कागद.

आपल्या १०५ बाय १४८ च्या कार्डावर सगळीकडे ५ मिलिमीटर पांढरी कड सोडली तर दर्शनी तुकडा, म्हणजे पुढच्या पानावर चिकटवायचा नक्षीचा कागद, ९५ बाय १३८ चा लागतो. आता हिशेब करा. गिफ्ट पेपर ५० बाय ७० सेंटिमीटरचा धरू (तुमचा वेगळा असेल, आधी पट्टीने मोजा). तुकड्याची लांब बाजू कागदाच्या लांब बाजूला ठेवली तर ५० सेंटिमीटरमध्ये ९५ चे पाच आणि ७० मध्ये १३८ चे पाच, असे २५ तुकडे निघतात. तुकडा आडवा ठेवला तर ७० मध्ये सात आणि ५० मध्ये फक्त तीन, म्हणजे २१. कागद तोच, चार कार्डांचा फरक.

पण हत्ती ५० च्या बाजूला समांतर उभे असतील, म्हणजे त्यांची डोकी ७० च्या कडेकडे, तर? उभी कार्डं करायची म्हटलं की २१ वरच यावं लागतं. मग कार्डच आडवं करा. १४८ ची घडी डाव्या बाजूला न ठेवता वर ठेवा, कार्ड तंबूसारखं उघडेल. बेस (म्हणजे खालचं दुमडलेलं कार्डशीट) तोच, घडी तीच, ग्रेन तोच, आणि तुकडे पुन्हा २५. शाळेत उभंच कार्ड शिकवलेलं असल्यामुळे मुलांना हे सुचत नाही, मोठ्यांना तर त्याहून नाही.

मधल्या सुंदर फुलाचं काय? २५ तुकड्यांच्या आखणीत ५० च्या बाजूला २५ मिलिमीटर आणि ७० च्या बाजूला १० मिलिमीटर शिल्लक राहतात. ही शिल्लक एकाच कडेला ढकलायची सक्ती नाही. सगळी जाळी तेवढी डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवता येते. जुन्या कार्डात ९५ बाय १३८ ची खिडकी कापून ठेवा, ती फुलावर धरून जाळी कुठून सुरू करायची ते ठरवा, मग मागच्या बाजूने पेन्सिलने सगळी जाळी आखा. एखादं फूल तरीही दोन तुकड्यांत विभागलं जाईल. जाऊ द्या, ती दोन कार्डं भावंडांना द्या.

ए-फोर मापाच्या नक्षीच्या कागदातून असेच चार तुकडे निघतात, आणि कडेला २० मिलिमीटरच्या आसपास रुंद पट्ट्या उरतात. बारा इंची चौकोनी कागदातून सहा. उरलेल्या पट्ट्यांवर आत्ताच लिहून ठेवा की त्या कशासाठी आहेत: आतल्या पानाच्या तळाला एक पट्टी, पाकिटाच्या झाकणावर एक, आणि अर्ध्या रुंदीत उभ्या कापल्या की केकवरच्या मेणबत्त्या. "नंतर बघू" म्हणून खणात टाकलेली पट्टी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात जाते.

आखणी पहिल्यांदा करत असाल तर वर्तमानपत्रावर करून बघा.

४. डिंक किती आणि कुठे

कोपरे वर उचलले जाण्यामागे डिंक असतो, पण डिंक वाईट असतो असं नाही. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं. नक्षीचा पातळ कागद ते पितो, तंतू फुगतात आणि कागद पसरतो. तंतू लांबीत फार कमी वाढतात, जाडीत पुष्कळ, त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो. पसरलेला असतानाच तो कार्डशीटला चिकटतो, मग वाळून आकसतो आणि खालच्या कार्डालाही आपल्याकडे ओढतो. म्हणून कार्ड नेहमी नक्षीच्या बाजूलाच वळतं. तुमचं कार्ड त्याच्या उलट, आतल्या बाजूला वळत असेल तर डिंकाचा दोष नाही, सरळ पाचव्या तपासणीवर जा.

गोंद पातळ कागदाला लावू नका, जाड कार्डशीटला लावा. ब्रशने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने एकदम पातळ थर ओढा. अर्धा मिनिट थांबा. मग नक्षीचा तुकडा मधून टेकवा आणि कोरड्या कापडाने कडांकडे सारत न्या. फुगे येतात ते एका कडेने सुरू करून दुसऱ्या कडेला कागद आपटल्यामुळे. नक्षीच्या तुकड्याचा ग्रेन आणि बेसचा ग्रेन एकाच दिशेला हवा. आडवा-उभा झाला तर कितीही कमी गोंद लावला तरी पिळ पडतो. ए-फोर नक्षीच्या कागदात १३८ ची बाजू २९७ च्या दिशेने ठेवली की हे आपोआप जमतं.

ग्लू स्टिकमध्ये पाणी कमी, त्यामुळे लहान मुलांच्या हातात तीच द्यावी. डबल साइड टेपमध्ये पाणी नसतंच, वाकण्याचा प्रश्न संपतो. पण पत्र्याच्या घरात मे महिन्यात हलकी टेप सैल पडून कागद सरकलेला मी बघितलाय. तिथे चारही कडांना टेप आणि मध्ये ग्लू स्टिक, असं करते.

आधीच वाकलेलं कार्ड फेकू नका. पुढच्या पानाच्या आतल्या बाजूला तेवढ्याच मापाचा साधा पांढरा कागद त्याच गोंदाने चिकटवा, ग्रेन तोच ठेवून. दोन्हीकडून सारखी ओढ लागली की पान सरळ होतं. शिवाय मजकूर लिहायला स्वच्छ जागा मिळते. मग दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, रात्रभर.

५. हवा

ही तपासणी पुण्या-मुंबईकडच्या कुणी सांगितली नसती, पण खान्देशात ती टाळता येत नाही. कागदाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, दुपारची हवा कोरडी खणखणीत, आणि खोलीत कूलर. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, तो कधीच स्वस्थ नसतो. कूलरच्या झोतात ठेवलेल्या गठ्ठ्याच्या कडा ओल धरून लाटांसारख्या होतात. तोच कागद दुपारी माळ्यावर नेला की आकसतो. म्हणजे कूलरसमोर चिकटवलेलं कार्ड शेजारच्या कोरड्या खोलीत गेल्यावर वळणार.

उपाय फुकट आहे. बेस आणि नक्षीचा कागद दोन्ही आदल्या दिवशीपासून त्याच खोलीत, कूलरच्या झोतापासून दूर, सपाट ठेवा. गुंडाळी करून आणलेला गिफ्ट पेपर उलट्या बाजूने एकदा सैल गुंडाळा आणि मग वजनाखाली घाला. चिकटवताना पंखा बंद, कारण गोंदाची कड मध्यभागापेक्षा आधी वाळली तर कोपरे उचलणारच. वाळवायला गच्चीवर उन्हात तर अजिबात नेऊ नका, वरची बाजू आधी वाळते आणि कार्ड पापडासारखं होतं. पावसाळ्यात हाच नियम, फक्त गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवायचा.

घाई असेल तर इस्त्री फिरवायचा मोह होतो. झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत लेझर प्रिंट काढून आणला असेल तर करू नका. टोनर उष्णतेने वितळतो आणि इस्त्रीला चिकटतो. सोनेरी फॉइलचीही तीच गत.

६. घडी मारायची पद्धत

ग्रेन बरोबर असूनही घडी तडकत असेल तर घडीआधी खाच दाबलेली नसते. छापखान्यात याला क्रीझिंग म्हणतात. घरी संपलेली बॉलपेनची रिफिल आणि स्टीलची पट्टी पुरे. कार्डशीटखाली दोन-तीन वर्तमानपत्रं घाला, पट्टी घट्ट धरा, रिफिलने बाहेरच्या बाजूवर एकदा हलकी आणि एकदा जोर देऊन रेघ ओढा. दुसऱ्या बाजूला उंचवटा उठतो. घडी घालताना तो उंचवटा आत राहिला पाहिजे. बहुतेक लोक उलट करतात, खाचेच्या आत दुमडतात, आणि बाहेरचा थर ताणून तडकतो. कटरने अर्धवट कापून घडी घालायचा सल्ला कुणी देईल. तशी घडी पहिल्या दिवशी सुरेख दिसते आणि थोडी हाताळल्यावर सुटते.

लेझर प्रिंटचा रंग घडीवर येऊच देऊ नका. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, म्हणून घडीवर निघतो. म्हणूनच मी नक्षी फक्त दर्शनी तुकड्यावर ठेवते.

७. पातं

कडा केसाळ, कोपरा ओढल्यासारखा. इथे पैसे खर्च होतात, तेही थोडे. कटरच्या पात्यावर मोडायच्या रेघा असतात, एक टप्पा पक्कडने मोडा, पुढचं टोक धारदार असतं. बोथट पात्याला जोर लागतो, जोर लावला की पट्टी सरकते, आणि एका तुकड्याबरोबर शेजारचाही जातो. सरळ कापायला लाकडी पट्टी वापरू नका, पातं तिच्यात घुसतं. दोन-तीन हलक्या ओढीत कापा. कटर मोठ्यांच्याच हातात, मुलांना कात्री.

८. कागदच बदलायची वेळ

वरचं सगळं करून बघितलं आणि तरी जमत नाही, तर बेस तपासा. २०० ते २५० जीएसएमचं (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घरगुती कार्डाला योग्य. त्याहून पातळ असेल तर उभं राहत नाही, ३०० च्या पुढे गेलं की घरची घडी साथ देत नाही.

खान्देशात लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो आणि त्यांचा कागद भारी असतो. नक्षीसाठी त्या उत्तम. दोन अडचणी येतात. लॅमिनेशन केलेल्या पत्रिकेच्या चकचकीत बाजूवर गोंद धरत नाही. ती बाजू वर राहील असंच कापा, आणि मागची बाजूही चकचकीत असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा टेप वापरा. दुसरी अडचण गणपतीच्या आणि कुलदैवताच्या चित्राची. ते कापायला घरात कुणाचं मन धजत नाही, आणि धजू नये असंच मला वाटतं. चित्राचा भाग अख्खा बाजूला काढून ठेवा आणि जाळी उरलेल्या नक्षीवर आखा. हळदीचं बोट लागलेला कोपरा मात्र खुशाल वापरा, छान दिसतो.

इथे थांबा, दुसऱ्याकडे जा

एकाच नमुन्याची पन्नासेक कार्डं हवी असतील तर घरी कापत बसू नका, छापखान्यात जा. त्यांचं कटिंग मशीन अख्खा गठ्ठा एका मापात कापतं आणि क्रीझिंगही तिथेच होतं. हाताने तेवढी कापली तर निम्म्यानंतर माप हलतं आणि वाया गेलेला कागद त्यांच्या मजुरीपेक्षा महाग पडतो. ३०० जीएसएमच्या वरचा कागद, किंवा लॅमिनेशन केलेल्या कागदावर घडी, हेही त्यांचंच काम.

कार्डावर आजीचा जुना फोटो किंवा एकुलतं एक पत्र लावायचं असेल तर मूळ कागदाला कात्री लावू नका. स्टुडिओत स्कॅन करून प्रिंट काढा. जुना फोटो पुठ्ठ्याला चिकटला असेल तर पाण्याने सोडवायचा प्रयत्नही घरी नको.

पात्याने बोट खोल कापलं आणि दाबून धरूनही रक्त थांबेना, तर कार्ड राहू द्या आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, ते तिथे विचारा.

छापखान्यात गेलात की तोंडी माप सांगू नका. घरी केलेलं एक बरोबर कार्ड बरोबर न्या आणि सांगा: "तयार माप १०५ बाय १४८, घडी १४८ च्या बाजूला, ग्रेन घडीला समांतर." एवढं ऐकलं की समोरचा माणूस नीट लक्ष देतो. आणि निघताना त्यांच्या मशीनखालची कतरण मागून घ्या. लग्नपत्रिकांच्या दिवसांत तिथे चांगल्या कार्डशीटच्या लांब पट्ट्या पडलेल्या असतात. बऱ्याच पट्ट्या १४८ पेक्षा रुंद निघतात आणि बेस म्हणून सरळ वापरता येतात. फक्त ग्रेन आधी बघायचा, कारण कतरणीत तो कुठल्याही बाजूला असू शकतो.